घडी

पाऊस ओसरला, हवा जरा कोरडी झाली, की आमच्या घरी एक रविवार साड्यांचा असतो. सकाळचा चहा झाला की आई कपाटातल्या रेशमी साड्या काढते. थेट उन्हात रंग उडतो म्हणून खिडकीजवळच्या पलंगावर त्या पसरते, डांबरगोळ्यांचा वास जाऊ देते आणि मग एकेक साडी पुन्हा घडी घालून ठेवते. पण जुन्या घडीवर नाही. आधीची घडी जिथे पडली होती, तिथून चार बोटं सरकवून.

लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आहे तशीच ठेवली तर काय होतं?" आईनं उत्तर दिलं नाही. कपाटाच्या तळातून आजीची एक साडी काढून समोर ठेवली. पदर शाबूत, काठ शाबूत, जर थोडी काळवंडलेली. आणि बरोब्बर घडीच्या रेषेवर कापड वरपासून खालपर्यंत विरलेलं. कोणी ओढली नव्हती, कोणी फार नेसलीही नव्हती. "नुसती जपून ठेवली म्हणून गेली," आई म्हणाली.

घडी हा मराठीतला फार कामाचा शब्द. पाहुणा घडीभर टेकतो. संसाराची घडी बसते, तशीच विस्कटतेही. नवं लुगडं घरात आलं की बाई ते आधी लेकीला, भाचीला, जावेला नेसायला देते. त्याला म्हणायचं घडी मोडणं. एवढ्याशा शब्दात वेळही मावतो, कापडही आणि माणसाचं आयुष्यही.

आज सकाळी आईबरोबर साड्यांची टोकं धरताना मला मात्र एक कागद आठवत होता. माझ्या घरापासून हजारो मैलांवर, लंडनच्या एका पोलीस ठाण्यात, एका अधिकाऱ्यानं बोलता बोलता घडीवर घडी घालत अगदी लहान करून टाकलेला कागद.

तो कागद आणला होता डोरीन लॉरेन्स यांनी. त्यावर काही तरुणांची नावं होती. डोरीन यांच्या थोरल्या मुलाला, स्टीफनला, ज्यांनी मारलं असं वस्तीतली माणसं घरी येऊन सांगत होती, त्यांची.

स्टीफन अठरा वर्षांचा होता. आईवडील जमैकाहून इंग्लंडला आलेले. वडील नेव्हिल हातात कसब असलेले कारागीर. सुतारकाम, शिवणकाम, गिलावा, जे हाती येईल ते नेकीनं करणारे. आई मुलं सांभाळून स्वतः विद्यापीठात पदवीचा अभ्यास करत होती. स्टीफनला वास्तुविशारद व्हायचं होतं. एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात त्यानं काही काळ उमेदवारीही केली होती. धावायचा चांगला. पाठची दोन भावंडं, स्टुअर्ट आणि जॉर्जिना. आपल्याकडच्या कुठल्याही कष्टकरी, शिक्षणावर विश्वास ठेवून बसलेल्या घरासारखं घर.

२२ एप्रिल १९९३ च्या रात्री साडेदहाच्या सुमाराला तो आणि त्याचा मित्र ड्वेन ब्रुक्स आग्नेय लंडनमधल्या एल्टम भागात, वेल हॉल रोडवर, घरी जाणाऱ्या बसची वाट पाहत होते. बस येते का ते बघायला स्टीफन थोडा पुढे गेला. समोरून गोऱ्या तरुणांचं एक टोळकं रस्ता ओलांडून आलं. त्यांच्यातल्या एकानं काळ्या माणसाला द्यायची ती घाणेरडी शिवी दिली आणि क्षणार्धात त्यांनी त्याला घेरलं. चाकूचे दोन वार बसले. तेवढ्या जखमांनिशी स्टीफन मित्राच्या मागे शंभरेक पावलांहून जास्त पळाला आणि रस्त्याच्या कडेला कोसळला. ओळख ना पाळख, भांडण ना तंटा. कारण एकच होतं, त्याच्या कातडीचा रंग.

त्या वेळी एक जोडपं चर्चमधल्या प्रार्थनासभेहून घरी परतत होतं. ती दोघं थांबली. त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली. मरणाऱ्या माणसाचे कान शेवटपर्यंत ऐकत असतात, हे त्या बाईंना माहीत होतं. त्या त्याच्या कानाशी वाकून सांगत राहिल्या की तू कुणाचा तरी लाडका आहेस. घरी गेल्यावर नवऱ्यानं हाताला लागलेलं रक्त धुतलं आणि ते पाणी मोरीत न सोडता अंगणातल्या जुन्या, मोठ्या गुलाबाच्या मुळाशी ओतलं. पुढे चौकशीत साक्ष देताना त्यांनी हे सांगितलं. मला त्या सगळ्या हजारो पानांच्या कागदपत्रांत हे पाणी सर्वांत पवित्र वाटतं. परक्या मुलाचं रक्त गटारात जाऊ नये, एवढं त्या माणसाला न शिकवता कळलं होतं.

पोलिसांना मात्र बरंच काही कळलं नाही. घटनास्थळी आलेल्या पोलिसांनी रक्त थांबवण्याचा धड प्रयत्न केला नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत मित्र मारला गेला, त्या ड्वेनकडे साक्षीदार म्हणून, हल्ल्यातून वाचलेला मुलगा म्हणून पाहायच्या ऐवजी संशयानंच पाहिलं गेलं. संशयितांची नावं एक-दोन दिवसांतच पोलिसांकडे येऊ लागली होती. कोणी फोन केला, कोणी चिठ्ठी ठेवली. तरी पहिली अटक व्हायला पंधरा दिवस लागले. नेल्सन मंडेला तेव्हा लंडनमध्ये होते. ६ मे रोजी ते लॉरेन्स दांपत्याला भेटले. दुसऱ्या दिवशी पहिली धरपकड झाली. ही सांगड ज्यानं त्यानं आपापली लावावी.

कागदाची घटना याच दिवसांतली. डोरीन यांनी नावं लिहिलेला कागद एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हातात दिला. बोलणं चालू होतं आणि बोलता बोलता त्याची बोटं त्या कागदाची घडी घालत होती. एक घडी, मग तिच्यावर दुसरी, मग तिसरी. डोरीन यांची नजर त्या बोटांवर खिळली होती. त्यांना वाटलं, आता हा तो केराच्या टोपलीत टाकणार. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. कित्येक वर्षांनी चौकशी आयोगापुढे या घडीवर प्रश्नोत्तरं झाली. एका आईचं दुःख किती लहान करता येतं, याचं माप त्या दिवशी एका टेबलावर सापडलं होतं.

दुःखाची घडी घालण्यात आपणही कमी नाही. कुणाचं तरुण पोर गेलं की तेराव्या दिवशीच आपण म्हणू लागतो, झालं गेलं गंगेला मिळालं. आता सावर. बाकीच्यांकडे बघ. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्या वाक्यांच्या तळाशी एक घाई असते. दुसऱ्याचं उलगडून पडलेलं दुःख डोळ्यांसमोर नको असतं. ते घडी होऊन कपाटात गेलं की आपण सुटलो. लॉरेन्स कुटुंबानं ही सुटका कुणाला मिळू दिली नाही.

१९९३ च्या जुलैमध्ये सरकारी वकिलांनी पुरावा अपुरा म्हणून आरोप मागे घेतले. त्याच महिन्यात आईवडिलांनी स्टीफनला जमैकातल्या क्लॅरेंडन परगण्यात पुरलं. मग त्यांनी एक विलक्षण धाडसी पाऊल उचललं. इंग्लंडच्या कायद्यात खाजगी व्यक्तीलाही खुनाचा खटला चालवता येतो. तो त्यांनी चालवला. इम्रान खान नावाचा तरुण सॉलिसिटर त्यांच्यासोबत होता. एप्रिल १९९६ मध्ये खटला उभा राहिला आणि कोसळला. ड्वेनची ओळख पटवणारी साक्ष न्यायाधीशांनी ग्राह्य धरली नाही आणि तिघे आरोपी निर्दोष सुटले. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नसे. म्हणजे न्याय मागायला गेलेल्या आईबापांनी आपल्याच हातानं दार बंद करून घेतलं होतं. यापुढे दुसरं कोणी असतं तर घरी बसलं असतं.

फेब्रुवारी १९९७ मध्ये मृत्यूच्या कारणाची न्यायालयीन तपासणी झाली. संशयितांनी एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. ज्यूरीनं तरी निकाल दिला की पाच गोऱ्या तरुणांनी केलेल्या, कोणतीही कुरापत नसताना झालेल्या वंशद्वेषी हल्ल्यात हा खून झाला. दुसऱ्याच दिवशी 'डेली मेल' या, एरवी अशा लढ्यांच्या बाजूनं फारसं न बोलणाऱ्या दैनिकानं पहिल्या पानावर पाचही जणांचे फोटो छापून त्यांना खुनी म्हटलं आणि आम्ही चुकत असू तर आमच्यावर खटला भरा, असं आव्हान दिलं. त्या जुलैमध्ये नव्या सरकारचे गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी चौकशी जाहीर केली. निवृत्त न्यायाधीश सर विल्यम मॅकफर्सन तिचे अध्यक्ष झाले. २४ फेब्रुवारी १९९९ रोजी अहवाल आला. त्यात सत्तर शिफारशी होत्या आणि दोन शब्द होते, ज्यांनी इंग्लंड हादरलं: संस्थात्मक वंशवाद.

हे दोन शब्द आपल्याकडे भाषणांत सहज येतात आणि तितक्याच सहज विरून जातात. मला ते समजले ते आईच्या साड्यांमुळे. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं कापड तुम्ही पसरा आणि हात सोडा. ते आपोआप त्याच रेषेवर दुमडतं. त्याला कोणी हुकूम देत नाही. कापडाच्या मनात कुणाबद्दल आकस नसतो. पण रेघ पडलेली असते. मॅकफर्सन यांचं म्हणणं साधारण असंच होतं. एखादी संस्था रंगामुळे, संस्कृतीमुळे, वंशामुळे काही माणसांना द्यायची ती सेवा देण्यात सामूहिकपणे कमी पडते. तिच्या कामाच्या पद्धतीत, वागण्यात, दृष्टीत हा दोष मुरलेला असतो. आणि त्यात अनवधान, अज्ञान, बेफिकिरी, ठोकळेबाज समजुती हे सगळं येतं. प्रत्येक पोलीस दुष्ट आहे असं ते म्हणत नव्हते. कागदाची घडी घालणाऱ्या त्या बोटांनाही कदाचित कळत नव्हतं की आपण काय करतोय. नेमकं तेच तर भयंकर होतं.

आणि रेघ किती जुनी होती पाहा. फेब्रुवारी १९९१ मध्ये जवळच्याच थेम्समीडमध्ये रोलन ॲडम्स हा पंधरा वर्षांचा काळा मुलगा अशाच टोळक्याच्या हातून मारला गेला होता. जुलै १९९२ मध्ये खुद्द एल्टममध्ये रोहित दुग्गल. नाव वाचताना आपण थबकतो, कारण ते आपल्या ओळखीचं आहे. शाळकरी वयाचा तोही. स्टीफनच्या आधी तिथल्या हवेत या मुलांची नावं होती. पण ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानांत, घडीच्या आत राहिली.

अहवालानंतर दोन मोठे कायदे झाले. २००० च्या सुधारित वंशसंबंध कायद्यानं पोलिसांपासून शाळांपर्यंत सार्वजनिक संस्थांवर समानता वाढवण्याची जबाबदारी टाकली. २००३ च्या फौजदारी न्याय कायद्यानं, नवा आणि भक्कम पुरावा मिळाला तर निर्दोष सुटलेल्यावरही गंभीर गुन्ह्यात पुन्हा खटला चालवण्याची वाट मोकळी केली. लॉरेन्स दांपत्यानं स्वतःच्या हातानं बंद केलेलं दार अखेर कायद्यानं उघडलं.

आणि त्या दारातून आत आला तो पुरावा कसला होता? पुन्हा कापडच. १९९३ मध्येच जप्त केलेल्या, पुराव्याच्या पिशवीत घडी होऊन पडलेल्या एका जाकिटाच्या कॉलरवर रक्ताचा एक ठिपका मिळाला. लांबी अर्धा मिलिमीटर, रुंदी पाव मिलिमीटर. सुईच्या टोकाएवढा. शिवाय स्टीफनच्या कपड्यांचे काही तंतू. पंधराएक वर्षं हा ठिपका पिशवीत होता. तो शोधण्याइतकं बारीक विज्ञान आणि तो शोधायला लावण्याइतकी चिवट माणसं एकत्र यायची वाट पाहत. ३ जानेवारी २०१२ रोजी त्या पाच संशयितांपैकी गॅरी डॉब्सन आणि डेव्हिड नॉरिस दोषी ठरले. स्टीफन जितकी वर्षं जगला, जवळजवळ तितकीच वर्षं त्याच्या न्यायाला लागली होती. त्यातही शिक्षा दोघांनाच झाली.

ही झाली न्यायालयाची गोष्ट. पण रविवारच्या या सकाळी मला जास्त विचार करायला लावते ती दुसरी गोष्ट, न्यायालयाबाहेरची. खटला हरल्यावर, शिक्षा होण्याच्या कितीतरी आधी, १९९८ मध्ये डोरीन यांनी स्टीफनच्या नावानं एक न्यास काढला. वास्तुविशारद होऊ पाहणाऱ्या, पण घरची परिस्थिती किंवा रंग आड येणाऱ्या मुलामुलींना शिष्यवृत्ती देण्यासाठी. त्याच वर्षी ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेत लहान खर्चात उभ्या राहिलेल्या उत्तम वास्तूसाठी स्टीफन लॉरेन्स पुरस्कार सुरू झाला. ज्यानं एकही इमारत बांधली नाही, त्याच्या नावाचा पुरस्कार इमारतींना.

मला यात एक बारीक, पण महत्त्वाची निवड दिसते. खुन्यांचा राग मनात असताना, तो रागही पुरेसा न्याय्य असताना, त्या बाईंनी विचारलं की माझ्या मुलाचं काय राहून गेलं? त्याचा मृत्यू सगळ्या देशाला माहीत झाला होता. त्याची हौस मात्र फक्त आईला माहीत होती. बहुतेक स्मारकं माणूस कसा मेला ते सांगतात. या आईनं तो कशासाठी जगणार होता, तिथून सुरुवात केली.

२००८ मध्ये लंडनच्या डेटफर्ड भागात स्टीफन लॉरेन्स सेंटर उभं राहिलं. आराखडा केला डेव्हिड अजाये या घाना वंशाच्या वास्तुविशारदानं. खिडक्यांच्या काचांवरची नक्षी ख्रिस ओफिली या चित्रकाराची. ओफिली यांनी त्याआधी एका रडणाऱ्या काळ्या स्त्रीचं चित्र काढलं होतं. तिच्या गालावरच्या प्रत्येक अश्रूत स्टीफनचा चेहरा आहे. इमारत उघडून आठवडा होतो न होतो तोच त्या नक्षीदार काचा कुणीतरी दगड मारून फोडल्या. तिकडे वेल हॉल रोडवर, जिथे तो पडला तिथे, फरसबंदीत बसवलेली एक साधी पाटी आहे. तिच्यावरही अनेकदा हल्ले झाले. अहवाल प्रसिद्ध झाल्यावर लगेच तिच्यावर पांढरा रंग फासला गेला. तेव्हा कळलं की तिच्यावर नजर ठेवायला लावलेला कॅमेरा नुसता दाखवायचा होता. आत काहीच नव्हतं. मेलेल्या मुलाच्या नावालाही राखण लागते आणि ती राखणही पोकळ निघते, हे वाचून पोटात कालवतं. काचा पुन्हा बसवल्या गेल्या. पाटी पुन्हा पुसली गेली. घडी विस्कटणाऱ्यांचाही चिवटपणा कमी नसतो. पुन्हा बसवणाऱ्यांना तो त्यांच्याहून एक दिवस जास्त पुरवावा लागतो.

स्टीफनचा धाकटा भाऊ स्टुअर्ट शिक्षक झाला. पंधराहून अधिक वर्षं शाळेत मुलांना शिकवत राहिला. नंतर तरुण वाचकांसाठी त्यानं एक पुस्तक लिहिलं; पुस्तकाच्या नावाचा अर्थ, गप्प राहणं हा पर्याय नाही. मला वाटतं, या घराला शाळेची वाट अपघातानं सापडली नाही. मॅकफर्सन अहवालाच्या सत्तर शिफारशींत शेवटाकडच्या काही शाळांबद्दल होत्या. राष्ट्रीय अभ्यासक्रमात बदल करा, विविधतेची किंमत मुलांना कळू द्या, शाळेतल्या वंशद्वेषी घटनांची नोंद ठेवा. पोलीस खात्याच्या चौकशीत शाळा कशाला, असं वरवर वाटेल. पण चाकू घेऊन रस्ता ओलांडणारी ती पोरंही नुकतीच कुठल्यातरी वर्गातून उठून आली होती. कापड नवं असताना पडणारी घडीच पुढे रेघ होते. रेघ पडल्यावर इस्त्री किती फिरवणार?

२०१९ पासून ब्रिटनमध्ये दरवर्षी २२ एप्रिल हा स्टीफन लॉरेन्स दिन म्हणून पाळला जातो. मुलांना सांगितलं जातं की तुमच्याहून थोडा मोठा एक मुलगा होता, त्याला घरं बांधायची होती.

इथवर आलं की आपल्या मनाला एक गोड निष्कर्ष काढायचा मोह होतो. दुःखातून फूल उमललं, आईनं अश्रूंची ज्योत केली, वगैरे. तो मोह आवरावा. कारण या कामाची किंमत त्या घरानं फार मोजली आहे. डोरीन आणि नेव्हिल यांचा संसार या काळात टिकला नाही. १९९९ मध्ये ते विभक्त झाले. एकाच मुलाचं दुःख, पण ते वाहण्याच्या दोघांच्या तऱ्हा वेगळ्या. नेव्हिल बराच काळ जमैकात राहिले. पंचवीस वर्षांनी, २०१८ मध्ये, त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि तो आपल्या आयुष्यातला फार अवघड निर्णय होता असं सांगितलं. डोरीन यांना २०१३ मध्ये ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहात जागा मिळाली. पदवी घेताना त्यांनी क्लॅरेंडन हे नाव जोडून घेतलं. तो त्यांचा जन्मपरगणा आणि मुलाच्या मातीचाही. आणि ज्या वर्षी हा मान मिळाला, त्याच वर्षी बाहेर आलं की कुटुंब न्याय मागत असताना पोलिसांचे गुप्तहेर त्यांच्या चळवळीभोवती वावरत होते. ज्यांनी खुन्यांवर नजर ठेवायची, त्यांनी दुःखितांवर ठेवली.

शिवाय मूळ प्रश्न असा, की हे काम त्यांचं होतं का? पुरावा जमवणं पोलिसांचं काम. खटला चालवणं सरकारचं. मुलांना माणूस म्हणून वागायला शिकवणं शाळेचं, तुमचंआमचं. ते कोणीच धड केलं नाही, म्हणून मुलगा गमावलेल्या घराला ते करावं लागलं. अशा आईचा आपण सत्कार करतो, शाल घालतो, टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांच्या आवाजात आपली राहिलेली कामं ऐकू येईनाशी होतात.

आपल्याकडे पाहायला लांब जावं लागत नाही. जळगावच्या तडवी भिल्ल समाजातली पायल तडवी ही तरुण डॉक्टर मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत होती. मे २०१९ मध्ये तिनं आयुष्य संपवलं. जातीवरून तिचा छळ होत होता, असा घरच्यांचा आरोप आहे. त्याच वर्षी तिची आई अबेदा तडवी आणि हैदराबादला शिकत असताना असंच आयुष्य संपवलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला, दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी स्वतःपुरती नव्हती. उच्च शिक्षण संस्थांत जातीच्या भेदभावाविरुद्ध जे नियम कागदावर आहेत ते खरोखर राबवा, एवढंच त्यांचं म्हणणं. वंश आणि जात एक नव्हे. लंडन आणि मुंबईही एक नव्हे. पण दोन आया, ज्यांची स्वतःची मुलं आता कोणत्याही महाविद्यालयात जाणार नाहीत, दुसऱ्यांच्या मुलांच्या महाविद्यालयाची घडी नीट बसावी म्हणून अर्ज करतात, तेव्हा मला डोरीन यांचा कागद आठवतो. अर्जाचा कागद न्यायालयात गेला, तरी त्याची घडी कोण घालतं आणि कोण उलगडतं, हे शेवटी बाहेरच्या माणसांवरच असतं.

मार्च २०२३ मध्ये लंडनच्या पोलीस दलाबद्दल लुईस केसी यांचा अहवाल आला. स्टीफनच्या खुनाला तीस वर्षं व्हायला महिना राहिला होता. अहवाल म्हणाला, दलात संस्थात्मक वंशवाद आहे. सत्तर शिफारशी, दोन कायदे, एवढी वर्षं, आणि तरी. वाचून कुणालाही वाटेल, मग काय मिळवलं?

मिळवलं ते मोजायचं तर मी शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलांकडे बघेन. वास्तुविशारदाच्या कागदाचीही घडी असते. टेबलाएवढा आराखडा नीट दुमडून फायलीएवढा करायचा, नाव असलेला कोपरा वर राहील असा. हे विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात. बांधकामावर गेलं की तो आराखडा विटांच्या ढिगावर उलगडायचा, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवायचे आणि कामाला लागायचं. डोरीन यांच्या न्यासाच्या मदतीनं शिकलेलं कुणी ना कुणी आज असा कागद उलगडत असेल. ती घडी मोडायचा मान खरं तर स्टीफनचा होता. त्याच्या आईनं तो दुसऱ्यांच्या लेकरांना दिला, जशी आपल्याकडची बाई नवी साडी आधी दुसरीला नेसायला देते.

इकडे पलंगावर शेवटची साडी उरली होती, आईच्या लग्नातली. आम्ही दोघांनी टोकं धरून ती ताणली. मधोमध जुन्या घडीची रेघ अजून दिसत होती, दरवर्षी सरकवूनही. मी बोटानं ती सपाट करायचा प्रयत्न केला.

"ती जायची नाही आता," आई म्हणाली. तिनं कापड चार बोटं सरकवलं, नवी घडी घातली आणि वरून हात फिरवला. "पण विरायचीही नाही."